शेंडी शोधत बसू नका: कळंबा आणि रंकाळ्यावर शेंडी बदक

जानेवारीतली सकाळ, आणि कोल्हापूरच्या तलावांवर शेंडी बदक (टफ्टेड डक) बघायचं. आधी कळंबा, मग रंकाळा, वेळ उरला तर विद्यापीठाजवळचा राजाराम तलाव. हा क्रम उलटा करू नये. रंकाळ्यावरचे पक्षी फिरायला येणाऱ्यांना सरावलेले असतात, ते नऊलाही दिसतात. कळंब्याचं पाणी मोठं आणि पक्षी बुजरे. त्यातून ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि दुर्बिणीतलं प्रत्येक बदक वितळल्यासारखं दिसतं. या दिवसांत सूर्य सातच्या पुढे उगवतो, म्हणजे पावणेसातला काठावर असलात की कामाचे दोन-अडीच तास हातात येतात.

मध्यवर्ती बसस्थानकापासून कळंबा गारगोटी रस्त्यावर सात-आठ किलोमीटर. केएमटीची (महापालिकेची) बस जाते, पण इतक्या सकाळी स्वतःची दुचाकी बरी. गळीत हंगाम चालू असतो, त्यामुळे परतताना उसाच्या ट्रॉल्यांमागे वेळ जातो हेही गणितात धरा.

पाण्यावर आधी दिसतो तो वारकरी पक्ष्यांचा (कूट) काळा पट्टा. काळं अंग आणि कपाळावर गंध लावल्यासारखी पांढरी टिकली. ज्यानं कोणी हे नाव ठेवलं त्याची नजर चांगली होती. नवख्यांची पहिली चूक इथेच होते, कारण वारकरीही बुडी मारतो. पण तो पोहताना मान पुढे-मागे करतो, त्याची चोच पांढरी असते, आणि खालून शेवाळ ओढून आणून तो ते वर बसून खातो. शेंडी बदक बहुतेक वेळा खाली मिळेल ते खालीच गिळून रिकाम्या चोचीनं वर येतं. शिंपले, गोगलगाई, पाणकिडे आणि थोड्या पाणवनस्पती हा त्याचा आहार. त्यामुळे केंदाळानं झाकलेल्या कडेला त्याला शोधण्यात अर्थ नाही. दोन-तीन मीटर, फार तर चार-पाच मीटर खोलीचं उघडं पाणी बघा. वारकऱ्यांच्या थव्याची पाण्याकडची कड डावीकडून उजवीकडे सावकाश चाळायची, ही इथली सर्वांत फलदायी पद्धत.

आता नावाविषयी. शेंडी हे या बदकाच्या ओळखीचं सर्वांत कच्चं लक्षण आहे. नर कोरडा असेल तर डोक्यामागे लोंबणारी शेंडी दिसते. बुडी मारून वर आला की ती मानेला चिकटते आणि दिसेनाशी होते. मादीची तर नुसती खुंटी असते, वारा मागून असला तरच थोडी उठून दिसते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी बसण्याची ढब, मग कूस, मग डोळा, शेंडी सर्वांत शेवटी.

ढब म्हणजे पक्षी पाण्यात किती बुडालेला आहे ते. हळदीकुंकू, थापट्या, तलवार बदक ही वरवर चरणारी बदकं. त्यांचं शेपूट पाण्याच्या वर असतं, आणि चरताना ती डोकं खाली, बूड वर अशी उलटी होतात. बुडी मारणाऱ्या बदकाचे पाय शरीराच्या मागच्या टोकाकडे असतात. ते खोल बसतं, शेपूट पाण्याला टेकतं, आणि बुडीआधी छोटी उसळी घेऊन अख्खं नाहीसं होतं. जमिनीवर मात्र या पायांनी त्याची पंचाईत होते, त्यामुळे काठावर चालताना ते क्वचितच दिसेल.

कूस पाहिली की नराचा निकाल लागतो: काळं अंग, त्यावर कुशीचा स्वच्छ पांढरा चौकोन. छोटी लालसरी (हेही बुडी मारणारं बदक) याच थव्यात असू शकते. तिच्या नराचं डोकं विटकरी, छाती काळी, मधलं अंग राखाडी आणि बूड पुन्हा काळं, म्हणजे लांबून ‘मधे फिकं, दोन्ही टोकं गडद’. हिवाळ्याच्या सुरुवातीला आलेल्या शेंडी बदकाच्या नराची कूस मळकट तपकिरी असते, कारण विणीनंतरचा पिसारा अजून पूर्ण बदललेला नसतो. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा.

खरी परीक्षा मादीची. गडद तपकिरी अंग, कूस जराशी फिकट, डोळा पिवळा, चोच निळसर राखाडी आणि टोकाला रुंद काळी. काही माद्यांच्या चोचीच्या बुडाशी पांढरं असतं, काहींच्या शेपटीखाली पांढुरकं. पहिलं पाहून ‘दुर्मिळ काहीतरी सापडलं’ म्हणून लोक धावतात. चोचीचं काळं टोक रुंद आहे ना आणि मागे खुंटी आहे ना, एवढं बघून शांत व्हावं. शेपटीखालच्या पांढऱ्यासाठी डोळा बघायचा. पांढऱ्या डोळ्याच्या लालसरीलाही शेपटीखाली पांढरं असतं, पण तिच्यात नराचा डोळा पांढरा आणि मादीचा गडद असतो. पिवळा दिसला की ते शेंडी बदकच. आणखी एक फसवणूक: पिसं साफ करताना ही बदकं कुशीवर लवंडतात आणि पांढरं पोट चमकतं. त्या क्षणी मादीचा नर झाल्यासारखा वाटतो. दहा सेकंद थांबा, सरळ होऊ द्या.

पंख उघडले की शंका उरत नाही. शेंडी बदकाच्या पंखावर मागच्या कडेनं लांब पांढरी पट्टी असते, छोट्या लालसरीची पट्टी राखाडी. त्यासाठी उडवायची गरज नाही. झोपून उठलं की बदक पाण्यातच उभं होऊन पंख झटकतं. कॅमेऱ्याचं शटर १/१६०० सेकंदापेक्षा वेगवान ठेवून त्याची वाट बघा. मुद्दाम उडवलेल्या पक्ष्याला पाण्यावर लांब धावत जाऊनच उठता येतं. तो खर्च त्याला पडतो, आणि तुम्हाला पुढचे दोन तास मधल्या पाण्यातले ठिपके बघावे लागतात. दिवसा ही बदकं बरीच झोपतात, कारण पुष्कळदा रात्री चरतात. चोच पाठीत खुपसलेला थवा दिसला तरी निघून जाऊ नका.

मोजणी करताना एक घोळ ठरलेला: बुडी साधारण पंधरा-वीस सेकंदांची असते, म्हणजे कुठल्याही क्षणी थव्यातले काही पक्षी पाण्याखालीच असतात. मिनिटभराच्या अंतरानं तीनदा मोजा आणि सर्वांत मोठा आकडा लिहा, सरासरी काढू नका. नर-मादी वेगळे लिहा. १९८७ पासून चालणारी आशियाई पाणपक्षी गणना जानेवारीतच होते, तिच्यासाठी ही सवय कामी येते.

साधनं: रंकाळ्याला ८×४२ ची दुर्बीण पुरते. तिथे सकाळी शहराच्या बाजूनं उभं राहिलं की सूर्य पाठीशी येतो, डोळ्याचा रंगही कळतो. कळंब्याला २० ते ६० पटीचा स्कोप (एकनळी दुर्बीण) आणि जड तिवई हवी. हलक्या तिवईवर वाऱ्यात ६० पट निरुपयोगी, तीसवरच थांबा. सूर्य समोर आला तर जागा बदला, कारण उजेडाविरुद्ध प्रत्येक बदक काळंच दिसतं आणि मग वारकरीसुद्धा शेंडी बदक म्हणून नोंदवला जातो.