डबा गेटवरच राहिला

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

पोट तुडुंब भरलंय आणि दुखत नाहीये. बाहेर खाऊन आलेल्या दिवशी ही दोन्ही वाक्यं एकत्र लिहायची वेळ फारशी येत नाही, म्हणून आधी तीच लिहून मोकळी होते.

सकाळी निघताना डबा भरलाच. लग्न असो, प्रवास असो, ऑफिसची मीटिंग असो, सिलिॲकचं निदान झाल्यापासून (गहू, सातू, राय या धान्यांतलं ग्लूटेन हे प्रथिन पोटात गेलं की आतड्याला इजा होते, तो आजार) गेल्या चार वर्षांत डब्याशिवाय उंबरा ओलांडल्याचं आठवत नाही. धाकटा भाऊ गाडी काढायला आला होता. डबा बघून म्हणाला, "ताई, ग्लूटेन-फ्री खाण्याच्या मेळ्याला डबा घेऊन कोण जातं?" म्हटलं, मी जाते. चल.

गेटवर गळ्यात बिल्ला अडकवलेली विशीतली मुलगी उभी होती. बाहेरचं खाणं आत नेता येणार नाही म्हणाली. मी माझं ठेवणीतलं हसू काढलं आणि ठेवणीतलं भाषण सुरू केलं: मला सिलिॲक आहे, डबा घरचा आहे, पूर्ण ग्लूटेन-फ्री आहे. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "मलाही आहे," ती म्हणाली. "पण तुमच्या ओट्यावर काय काय असतं, मला काय माहीत?"

असा राग आला! आणि मग गप्पच झाले. हेच वाक्य मी आजवर किती जणांना ऐकवलंय. मैत्रिणींना, सासूबाईंना, हॉटेलातल्या वेटरला. इतकी वर्षं संशय घेणारी मी, आज पहिल्यांदा माझ्याच डब्यावर कुणी संशय घेतला. तिने झाकणावर नंबराची चिठ्ठी चिकटवली आणि डबा टेबलावर ठेवला. माझा नंबर ३८. म्हणजे खाण्याच्या मेळ्याला डबा घेऊन येणारे आणखी ३७ जण होते! भावाच्या खिशातून बिस्किटांचा अर्धा पुडा निघाला, तोही जमा झाला. वर त्याला साबणाने हात धुऊन मगच आत जायला सांगितलं. बिचारा खिसे उलटे करून चुरा झटकत होता, मी दुसरीकडे बघून हसून घेतलं.

आत शिरले आणि पहिला अर्धा तास काहीच खाल्लं नाही. खाताच येईना. जे दिसेल ते पाकीट उचलायचं, उलटं करायचं आणि मागची बारीक अक्षरं वाचायची. गहू, सातू, राय. मग माल्ट, कारण ते बहुतेक वेळा सातूचंच असतं. मग स्टार्च, पण कशाचा? सोया सॉसमध्ये गहू असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पोटाने शिकवलं. तिसऱ्या स्टॉलवरच्या काकांनी शेवटी विचारलंच, "काय शोधताय?" काय सांगणार? म्हटलं, "सवय." ते म्हणाले, "वाचा, वाचा. माझी बायकोही वाचते. मी बनवलेलं असलं तरी."

'ग्लूटेन-फ्री' म्हणजे शून्य नव्हे, हे मलाही सुरुवातीची दोन वर्षं ठाऊक नव्हतं. कोडेक्सच्या, म्हणजे अन्नासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे एका किलोत २० मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन चालतं. रोज १० मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर बहुतेकांच्या आतड्याला इजा होत नाही, असं मानतात. म्हणजे अगदी काठावरचं अन्न धरलं तरी दिवसाला अर्धा किलो झालं. उलट रोज ५० मिलिग्रॅम पोटात जात राहिलं तर तीन महिन्यांत आतड्याचं नुकसान दिसू शकतं. गव्हाच्या ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण दोन ग्रॅम ग्लूटेन असतं, म्हणजे ५० मिलिग्रॅम हा त्या स्लाइसचा चाळिसावा तुकडा. "एका घासाने काय होतंय?" असं म्हणणाऱ्यांना मी हे गणित पूर्वी तोंडपाठ म्हणून दाखवायचे. आता नुसतं "नको" म्हणते. लवकर सुटका होते.

सगळ्यात मोठी रांग ब्रेडची होती. चार वर्षांत मी ज्याला ब्रेड म्हणत आले, ती कोरडी वीट आहे. टोस्ट केली नाही तर घशात अडकते आणि केली तर ताटलीत भुगा होतो. चूक ब्रेडची नाही. ग्लूटेन म्हणजे पिठातला चिकटपणा, तोच हवा धरून ठेवतो, तोच काढून घेतला तर भिंतीतून सिमेंट काढल्यासारखं होतं. इथे एका बाईंनी स्लाइस हातात दिली आणि म्हणाल्या, "दाबा." अंगठ्याने दाबली. खड्डा पडला आणि हळूहळू वर आला. मी परत दाबली. मागचे गृहस्थ खाकरले. आतली जाळी मोठी, असमान, कडेचं कवच तांबूस, जवळ नेल्यावर आंबवल्याचा वास. तांदूळ, ज्वारी आणि बकव्हीटचं पीठ (नावात व्हीट असलं तरी गव्हाशी त्याचं काडीचं नातं नाही), आणि बांधून ठेवायला इसबगोल. "इसबगोलाला पाणी भरपूर लागतं, लोक तिथेच कंजुषी करतात," बाई म्हणाल्या. स्लाइस घडी घालून बघितली. मोडली नाही. डोळ्यांत पाणी आलं हे लिहायला लाज वाटतेय, पण ही माझी रोजनिशी आहे.

रांगेत उभं असताना डच डॉक्टर विलेम डिके आठवत होते. मुलांच्या या दुखण्याचं मूळ गव्हात असावं असा संशय त्यांना युद्धाच्या आधीपासूनच होता. १९४४–४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, ब्रेड मिळेनासा झाला, आणि भोवती माणसं भुकेने मरत असताना ही मुलं मात्र सुधारली. ब्रेड परत आला तशी पुन्हा आजारी पडली. १९५०मध्ये त्यांनी यावर प्रबंध लिहिला. त्याआधी या मुलांना काय काय खायला घालत असत! एका काळात तर केळ्यांवर ठेवायचे. १९२४मध्ये अमेरिकेतल्या सिडनी हास यांनी तो आहार मांडला होता. गहू बंद झाल्यामुळे मुलं बरी व्हायची आणि श्रेय केळ्याला मिळायचं.

रांगेत माझ्या पुढे सहा-सात वर्षांचा मुलगा होता. तो प्रत्येक स्टॉलवर टाचा उंचावून, पाठ केलेल्या सुरात विचारायचा, "यात ग्लूटेन आहे का? वेगळ्या भांड्यात केलंय का?" आणि प्रत्येक विक्रेता तितक्याच गंभीरपणे उत्तर द्यायचा. पाचव्या की सहाव्या स्टॉलवर त्याने न विचारताच केककडे हात नेला. आईने मनगट धरलं. "विचारलंस?" तो म्हणाला, "इथे सगळंच चालतं ना?" ती म्हणाली, "तरी विचारायचं." मला आधी वाटलं, अगं, आज एक दिवस तरी सोड त्याला. नंतर वाटलं, सोमवारी शाळेत कुणाचा तरी वाढदिवस असेल, तेव्हा ही तिथे नसेल. तिचं बरोबर की माझं, मला अजूनही ठरवता येत नाहीये. मुलाने विचारलं आणि मग केकचे दोन तुकडे उचलले.

केकवरून आठवलं, अर्धा मेळा गोडाचाच होता. कुकी, मफिन, ब्राउनी, डोनट. ग्लूटेन काढून स्टार्च आणि साखर भरली की झालं यांचं. तंतुमय काही नाही, लोहाचं नाव नाही. ज्यांचं आतडंच मुळात नीट शोषत नाही त्यांना हे खायला घालायचं! (मी तीन खाल्ले. ते वेगळं.) ग्लूटेन-फ्री शाम्पूचाही एक स्टॉल होता. त्याच्यापुढे मी उभी राहिले नाही, शाम्पू कोण पितं?

दुपारी एका आहारतज्ज्ञ बाईंचं बोलणं होतं. एका आजींनी विचारलं, जुन्या वाणाचा गहू चालतो म्हणे? बाई म्हणाल्या, "आजी, गहू कितीही जुना असला तरी गहूच. तुमच्या आतड्याला त्याची वंशावळ कळत नाही." सभागृह हसलं. मग त्या नातेवाइकांवर आल्या. आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यात साधारण दहातल्या एकाला हे असू शकतं, लक्षणं नसली तरी तपासून घ्या. मी समोरच बघत राहिले. शेजारी भाऊ फोनमध्ये.

त्याचं हिमोग्लोबिन कायम कमी. गोळ्या घेतो, जरा चढतं, परत उतरतं. चार वर्षं मी सांगतेय आणि चार वर्षं त्याचं एकच उत्तर, "मला जुलाब होत नाहीत, मला कसला सिलिॲक?" मला तरी कुठे होत होते? मला फक्त थकवा होता. तीन वर्षं लोहाच्या गोळ्या गिळल्या, आणि दर वेळी डोस वाढवणाऱ्या डॉक्टरांनी एकदाही विचारलं नाही की हे लोह जातंय कुठे. लोह शोषलं जातं ते लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीला, आणि सिलिॲकचा मारही बहुधा तिथेच जास्त बसतो. तिथली बोटांसारखी बारीक उंचवट्यांची लव झिजून सपाट होते. मग गोळी पोटात गेली काय नि खिशात राहिली काय. पण गाडीत मी त्याला काही बोलले नाही. चार वर्षं बोलून झालंय.

निघताना डबा परत मिळाला, चिठ्ठीसकट. तो आता फ्रीजमध्ये आहे. बिस्किटांच्या पुड्याचं भावाला आठवलंही नसतं, त्या मुलीनेच हाक मारून दिला.

दहा वाजता त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला, ब्रेड चांगला होता म्हणाला. मग म्हणाला, "ताई, त्या बाई कुठली रक्ततपासणी म्हणाल्या?"

सांगितलं. टीटीजी-आयजीए ही सिलिॲकची तपासणी, आणि सोबत एकूण आयजीए, म्हणजे रक्तातली एक प्रकारची प्रतिपिंडं, कारण ते मुळातच कमी असेल तर पहिली तपासणी फसवी येते. तो लिहून घेत होता, पेन कागदावर घासल्याचा आवाज येत होता. मी खुर्चीत नीट सरळ बसले.

"मग उद्यापासून गहू सोडूनच देतो. फरक पडतो का बघतो आधी."

"अजिबात नाही," मी जवळजवळ ओरडलेच. "तपासणी होईपर्यंत गहू रोज पोटात गेला पाहिजे. सोडलास तर रिपोर्ट खोटाच चांगला येईल."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाला, "म्हणजे तो गेटवरचा पुडा संपवू?"

"संपव," म्हटलं.