धुराड्यातून उतरलेल्या दोन नळ्या

अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत घर घेतल्याचं कळवलं तेव्हा नाशिकहून कुणी स्वयंपाकघराचा फोटो मागितला नाही. सगळ्यांना फायरप्लेस बघायची होती. त्यामुळे ती लाकडाची बंद करून गॅसची करतोय म्हटल्यावर फॅमिली ग्रुपवर सुतक पडलं. पिंपळगाव बसवंतच्या मामाने सरळ विचारलं, "अगं, लाकूड काय महाग झालं का तिकडं?"

लाकूड परवडतं, पण ते जाळायला मनाई असते. हे शहर पूर्वेला वासॅच आणि पश्चिमेला ओकर अशा दोन डोंगररांगांच्या मधल्या खोऱ्यात आहे. हिवाळ्यात वारा पडला की जड, थंड हवा तळाशी साचते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. मग गाड्यांचा, कारखान्यांचा, धुराड्यांचा धूर कितीतरी दिवस आतच कोंडतो. समोरचे डोंगर दिसेनासे होतात. पीएम २.५ म्हणजे फुप्फुसात खोलवर जाणारे बारीक कण वाढणार असं दिसलं, की राज्याचा हवा विभाग लाकूड जाळायला बंदी जाहीर करतो. ज्यांच्याकडे ऊब मिळवायचं दुसरं साधनच नाही आणि तशी नोंद केलेली आहे, तेवढ्यांनाच सूट. आणि ही बंदी नेमकी कडाक्याच्या थंडीत येते, म्हणजे शेकत बसावंसं वाटतं तेव्हाच.

मामाला हे पचायला जड गेलं, कारण त्याचा अनुभव बरोबर उलटा. निफाडकडे पारा पाच अंशांखाली गेला की द्राक्षांची फुगवण थांबते, मण्यांना तडे जायची भीती असते. मग बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. तिथे धूर जमिनीलगत रेंगाळलेला पाहिजेच असतो. हवामानाची तीच करामत तिकडे माल वाचवायला कामी येते आणि इकडे लोकांचा खोकला वाढवते.

बंदी नसती तरी मी ती उघडी फायरप्लेस ठेवली नसती, कारण ती ऊब देण्याच्या बाबतीत निव्वळ देखावा असते. लाकडातली जेमतेम दहा टक्के उष्णता खोलीत येते, बाकीची धुराड्यातून वर. शिवाय जाळ पेटता राहायला हवा लागते, ती घरातलीच ओढली जाते, म्हणजे हीटरने तापवलेली हवाही बाहेर जाते. समोर बसलेल्याचे गुडघे भाजतात आणि मागच्या खोलीत माणूस कुडकुडतो. धुराड्यात क्रिओसोट नावाचा डांबरासारखा थर जमतो, तो पेटला तर आग घरात पसरू शकते. म्हणून दरवर्षी तपासणी करावी लागते, गरज पडली तर झाडून घ्यावं लागतं.

गॅसचे तीन प्रकार समोर आले. पहिला, जुन्या कोनाड्यातच खोटे ओंडके आणि बर्नर ठेवायचा. दिसायला सुंदर, पण धुराड्याची झडप कायम उघडी ठेवावी लागते, म्हणजे ऊब पुन्हा वरच. दुसरा धुराड्याशिवायचा, जळालेला वायू आणि वाफ खोलीतच सोडतो. कॅलिफोर्निया आणि कॅनडात घरात याला बंदी आहे, तेव्हा तो मी लगेच बाद केला. तिसरा इन्सर्ट, म्हणजे काचबंद लोखंडी पेटी. तो घेतला.

बसवताना बघण्यासारखं होतं. आधी धुराडं साफ केलं, मग वरून ॲल्युमिनियमच्या दोन लवचिक नळ्या खाली सोडल्या. एकीतून बाहेरची हवा जाळापर्यंत येते, दुसरीतून जळालेला वायू वर जातो. खोलीतल्या हवेशी संबंधच नाही. फिटरने मीटरपासून गॅसची लाइन ओढली, दाब भरून गळती तपासली, महापालिकेचा इन्स्पेक्टर येऊन सही करून गेला. जुन्या कोनाड्यात पत्र्याची एक पट्टी ठोकली आहे: यात फेरबदल झालेले आहेत, लाकूड जाळू नये. पुढे घर विकलं तर नव्या मालकाला कळावं म्हणून.

इंदिरानगरला आईकडे पाइपचा गॅस आला तेव्हा शेगडीची नोझल बदलावी लागली होती, ते तिला आठवलं. इथेही गॅसप्रमाणे नोझल निवडावी लागते, कारण तेच. सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन, पाइपमधला बहुतेक मिथेन. तेवढ्याच आकारमानात प्रोपेनमध्ये मिथेनच्या साधारण अडीचपट उष्णता असते, म्हणून मिथेनला भोक मोठं लागतं. इथे आणखी एक भानगड म्हणजे उंची. नाशिक साधारण ६०० मीटरवर, हे शहर १३०० च्या आसपास. हवा विरळ, म्हणून गॅसही त्या मानाने कमी सोडावा लागतो, नाहीतर जाळ पिवळा होऊन काजळी धरते. खोटे ओंडकेसुद्धा वाट्टेल तसे रचायचे नाहीत. पुस्तिकेत प्रत्येकाची जागा ठरलेली असते. ते जाळात आले तरी काजळी आणि कार्बन मोनॉक्साइडचा धोका. त्या वायूला वास नसतो, म्हणून भिंतीवर वेगळा अलार्म लावला.

आता रिमोटने जाळ पेटतो. पूर्ण सोडला तर तासाला ३०,००० बीटीयू, म्हणजे तीन किलोवॉटचे तीन गिझर एकदम चालवल्याइतका. वीज गेली तरी बॅटरीवर ठिणगी पडते, फक्त ऊब ढकलणारा पंखा बंद राहतो. काच मात्र इतकी तापते की पुढे जाळी लागतेच. घरात रांगतं मूल असेल तर ही जाळी एक दिवसही काढू नका.

गॅस फार सोज्वळ आहे असं मी म्हणणार नाही. मिथेन गळून हवेत गेला तर वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून जास्त तापवतो. आज नवं घर बांधत असते तर विजेचा हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घरात आणणारं यंत्र, बसवला असता. पण इथे धुराडं आयतं होतं, मीटर भिंतीपलीकडे होतं आणि खोऱ्यातला धूर कमी करायचा होता.

लाकडाचा वास गेला, तडतड गेली, याचं वाईट वाटतं. उरलेली लाकडं शेजारी डोंगरातल्या केबिनसाठी घेऊन गेले. आईची तक्रार वेगळीच आहे, "त्यात भरताचं वांगं भाजता येणार नाही, मग उपयोग काय?" काच सीलबंद, त्यामुळे खरंच येणार नाही. वांगी आता मागच्या अंगणात गॅसच्या ग्रिलवर भाजते, बर्फात टोपी घालून.