हीटर काढून का टाकत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. नाहीतर या विषयावर पुन्हा तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं.

प्रश्न दर वेळी एकच. “त्या बीटलचा हीटर काढून टाका, साधे पाइप बसवा आणि मोकळे व्हा. का नाही करत?” बीटल म्हणजे माझी जुनी फोक्सवॅगन गाडी. इथे जर्मनीत, ब्राउनश्वाइगमध्ये गणपतीच्या पंगतीत मोदकावर तूप घेता घेता हा प्रश्न आलाय. पुण्याचा चुलतभाऊ तर दर दिवाळीला विचारतो आणि वर सांगतो, “आमच्याकडे हीटर म्हणजे आंघोळीचा!” ज्यांना गाड्यांतलं कळतं तेही हेच विचारतात, फक्त जरा जपून. कारण काय घडलं होतं ते त्यांना माहीत आहे.

आतापर्यंत मी नियमावर भागवलं. ताशी 25 किलोमीटरपेक्षा वेगाने धावू शकणाऱ्या गाडीची चालकाची बंद जागा पुरेशी गरम करता आली पाहिजे, असं जर्मनीच्या वाहन नियमावलीतलं कलम 35 सी म्हणतं. शिवाय माझ्या नंबरप्लेटवर शेवटी ‘एच’ आहे. तीस वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी म्हणून वर्षाला 191 युरोंच्या ठोक करात सुटका होते. हीटर उपटला तर दोन वर्षांनी होणाऱ्या तपासणीत बोंब. समोरचा मान डोलावतो, विषय संपतो. नियम खरा आहे, पण तो नसता तरी मी हीटर काढला नसता. तेव्हा आज नियम बाजूला ठेवू.

गाडी 1970 ची, 1500 सीसी. इंजिन हवेने थंड होतं, गरम पाण्याचा प्रश्नच नाही, म्हणून आतली ऊब धुराड्यावरून येते. मागच्या दोन सिलिंडरांचा धूर थेट सायलेन्सरमध्ये जातो. पुढच्या दोघांचा जातो तो दोन पत्र्याच्या पेट्यांमधून. त्या फुगीर आकारामुळे इथले लोक त्यांना हीटरच्या नासपती म्हणतात. पेटीत मधोमध धुराचा पाइप, त्याला अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, आणि बाहेरून कवच. पंख्याची हवा त्या पट्ट्यांवरून वाहते, तापते, आणि दाराखालच्या पोकळ उंबऱ्यांतून तुमच्या पायांशी आणि काचेवर येते. म्हणजे तुम्ही श्वास घेता ती हवा आणि विषारी धूर यांच्यामध्ये एका पाइपाची जाडी असते.

माझ्या मूळ पेट्या गंजून जाळी झाल्या होत्या. नव्या शोधायला बसलो तेव्हा ‘बीटलसाठी’ या शब्दाला काही अर्थ नसतो हे कळलं. 1200 च्या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 64 मिलिमीटर, माझ्याचा 69. इंजिनच रुंद, त्यामुळे 1200 चा सायलेन्सर माझ्या गाडीला लागत नाही. 1962 पर्यंतची हीटरची रचना तर मुळातच वेगळी. जुन्या सुट्या भागावर क्रमांक असेल तर पहिल्या तीन आकड्यांवरून अंदाज येतो: 113 म्हणजे बीटल, 211 म्हणजे व्हॅन, 311 म्हणजे टाइप थ्री ही फोक्सवॅगनचीच दुसरी गाडी. पण गंजलेल्या पत्र्यावर आकडे राहतात कुठे?

शेवटी नव्याने बनवलेली जोडी मागवली, 280 युरोंना. हातात घेतली तेव्हाच हलकी लागली. आत टॉर्च मारून पाहिलं तर पट्ट्या जेमतेम. उजवी बसली. डावीची फ्लँज, म्हणजे जोडायची भोकं असलेली चकती, इंजिनावरच्या स्टडला, म्हणजे उभ्या बोल्टला, दोन-तीन मिलिमीटर चुकत होती. मी भोकं कानशीने वाढवली, जॅक लावून पेटी वर रेटली आणि नट आवळले. आवळताना ती कुरकुरली. मी ऐकलं होतं. हे इथे लिहिणं भाग आहे, कारण मागाहून मी बरेच दिवस सगळ्यांना ‘माल खराब निघाला’ एवढंच सांगत होतो.

तो डिसेंबरचा दुसरा रविवार. गोस्लारला नाताळचा बाजार बघायला निघालो होतो. पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी पडत होतं, काचा बंद, हँडब्रेकशेजारचा हीटरचा दांडा पूर्ण वर. मागच्या सीटकडे ऊब सोडणारा दुसरा दांडाही वर, कारण मागे लेक बसली होती आणि तिचे पाय गार पडू नयेत. ती तेव्हा सहा वर्षांची. गाडीत थोडा तेलकट वास होता. बीटलमध्ये तो कधी नसतो? पुशरॉडच्या नळ्यांतून तेल ठिबकतं, खालच्या गरम पेटीवर पडतं आणि जळतं. मी बायकोला तेच समजावून सांगितलं, जरा अभिमानानेच.

वीसेक मिनिटांनी लेक म्हणाली, “बाबा, डोकं दुखतंय.” मी म्हणालो, “चालत्या गाडीत चित्रं बघू नकोस.” तिने पुस्तक मिटलं. मग ती बोलेना. बायको म्हणाली, मलाही जड वाटतंय, काच खाली कर. मी म्हणालो, आलोच आता, दहा मिनिटं. काच खाली केली असती तर धुकं साचलेली पुढची काच निवळायला पुन्हा वेळ गेला असता, हे माझं त्या क्षणीचं गणित. लेकीच्या बाजूची काच उघडतच नाही. माझ्या बीटलच्या मागच्या काचा पक्क्या बसवलेल्या आहेत. तिला स्वतःहून काहीच करता आलं नसतं.

गोस्लारच्या अलीकडे तिला उलटी झाली. गाडी बाजूला घेतली, दार उघडून तिला उचललं तर मान खांद्यावर पडली. झोपली होती म्हणावं तर हाक मारल्यावर डोळे उघडायला हवे होते. थंड हवेत मिनिटभराने उघडले. ते मिनिट किती लांब होतं हे मी लिहू शकत नाही.

रुग्णालयात बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, आकडा आला 98. मला हायसं वाटलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुठून आलात, कशातून आलात? गाडीचं नाव ऐकल्यावर त्यांनी चिमट्याकडे पाहिलंही नाही, लगेच रक्त काढलं. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि तो साधा चिमटा दोघांतला फरक ओळखत नाही, हे मला त्या रात्री कळलं. मी इंजिनिअर आहे. लेकीला मास्क लावून काही तास ऑक्सिजन दिला. सकाळी तिने बिस्किट मागितलं.

पेटी उतरवून कापली. आतल्या पाइपाच्या वेल्डला केसाएवढी चीर. ताणून बसवलेली पेटी, तापणं आणि निवणं, दोन महिन्यांत फाटली. बनवणाऱ्याची चूक होतीच. पण ती मी जॅक लावून पूर्ण केली.

आता तुमचा प्रश्न. एवढं झाल्यावर कोणीही शहाणा माणूस साधे पाइप बसवेल, किंवा गाडी विकेल. बायको हेच म्हणाली आणि तिच्याशी वाद घालायला माझ्याकडे काही नव्हतं. आजही नाही. त्या वेळी मी काय म्हणालो? “दोष हीटरचा नाही, माझ्या कामाचा आहे.” तेव्हा ते मला प्रांजळ वाटलं होतं. आज वाचताना वाटतं, हेसुद्धा गाडीला वाचवण्यासाठीच बोललो. कधी वाटतं, नाही, खरंच तसं होतं. आणि साधे पाइप बसवले की सगळं सुरक्षित हेही मला कबूल नाही. पेट्यांना हवा देणारी पंख्याची दोन तोंडं नीट बंद केली नाहीत तर इंजिन थंड करणारी हवा वाया जाते, आणि हिवाळ्यात आतून धुकं धरलेल्या काचेमागे बसून गाडी चालवणं ही काय सुरक्षितता?

मूळ जर्मन जोडी मिळायला दीड वर्ष लागलं. 1 मेला हनोव्हरला बीटलवाल्यांचा मोठा मेळावा भरला होता. तिथे एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या चादरीवर त्या दिसल्या. उचलल्या तर हाताला वजन लागलं. 600 युरो. घासाघीस केली नाही. घरी आणून एक तोंड बंद केलं, दुसऱ्यातून हवा भरली आणि टबमधल्या पाण्यात बुडवल्या. एकही बुडबुडा नाही. पुन्हा बुडवल्या. फ्लँज हाताने सरकवली तेवढ्यात स्टडवर बसली, नवं गॅस्केट, तांब्याचे नट. डॅशबोर्डवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चिकटवलाय. त्याचा आकडा शून्य असतो आणि मी रस्त्यापेक्षा त्याच्याकडेच जास्त बघतो, असं बायको म्हणते. ती या गाडीत फक्त उन्हाळ्यात बसते.

लेक आता नऊची आहे. गेल्या रविवारी तीच म्हणाली, बेकरीपर्यंत येते, पण पुढे बसणार. बाहेर उणे दोन होतं, हीटर पूर्ण चालू. पायांशी छान ऊब येत होती. बसल्या बसल्या तिने काचेच्या हँडलचे दोन फेरे मारले आणि वारा आत घेतला. मी काही बोललो नाही. मफलर वर ओढून घेतला आणि गिअर टाकला.