दिवाळीचं स्क्रॅच कूपन: आकडा लपवण्याचं काम कुठून सुरू होतं

स्क्रॅच कूपनाचं काम घेऊन येणारा बहुधा एकच प्रश्न विचारतो, 'सिल्व्हर मारायचा भाव काय?' आकडा सिल्व्हरमुळे लपतो अशी सर्रास समजूत आहे. आमच्या स्क्रीन प्रिंटिंगच्या टेबलावर ही कामं गणपतीच्या आसपास सुरू होतात ती दिवाळीपर्यंत चालतात. त्या अनुभवावरून ठामपणे सांगतो: चंदेरी थर हा शेवटचा टप्पा आहे. आकडा फुटतो तो कार्डाच्या पाठीमागून, टोनरच्या (लेझर छपाईच्या भुकटी शाईच्या) उंचवट्यातून, बाहेर छापलेल्या अनुक्रमांकावरून, नाहीतर गठ्ठ्यातल्या जागेवरून. त्यामुळे कामाची सुरुवात शाईच्या डब्यापासून न करता एक्सेलच्या फाइलपासून करावी लागते.

त्याआधी कायद्याचं. लॉटरी चालवण्याचा अधिकार १९९८ च्या लॉटरी नियमन कायद्याप्रमाणे राज्य सरकारांना आहे. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून चालू आहे. खाजगी लॉटरी चालवणं हा गुन्हा आहे. खरेदीवर भेट देणाऱ्या दुकानाचं कूपन वेगळं, तरी बक्षिसांची संख्या, शेवटची तारीख आणि निकाल कसा कळवणार हे सगळं मी ग्राहकाकडून लेखी घेतो. पैसे घेऊन नुसतं नशीब विकणारं कूपन असेल तर काम घेत नाही.

आता नेहमीच्या आकाराचं एक काम धरू: १०,००० कूपन, प्रत्येक साडेतीन बाय दोन इंच. १२ बाय १८ च्या शीटवर आडवी ३ आणि उभी ८ अशी २४ कूपनं बसतात आणि कडेला ग्रिपरपुरती, म्हणजे मशीनने शीट धरायची, जागा उरते. म्हणजे ४१७ शीट लागतात. मी ४५० घेतो, कारण सेटिंगला आणि चाचणीला शीट जातातच.

फाइल. सिल्व्हरच्या पट्ट्याखाली बक्षिसाचं नाव छापायचा आग्रह असतो, 'मिक्सर', 'चांदीचं नाणं', 'पुन्हा प्रयत्न करा'. हे टाळता आलं तर टाळावं. शब्दांची लांबी वेगवेगळी असते आणि सिल्व्हरखाली अक्षरं वाचता आली नाहीत तरी ओळ लांब आहे की आखूड हे तिरप्या उजेडात दिसतं. 'पुन्हा प्रयत्न करा' ही लांब ओळ ओळखून बाजूला काढायला दुकानातल्या पोऱ्याला दहा मिनिटं पुरतात. त्यापेक्षा सगळ्या कूपनांवर सहा चिन्हांचा कोड छापावा आणि कोणत्या कोडला काय बक्षीस याची यादी ग्राहकाने स्वतःकडे ठेवावी. प्रेसला फक्त कोड मिळावेत, यादी नको. यादी आमच्याकडे आलीच नाही तर पुढे काही भानगड झाल्यावर बोट आमच्याकडे येत नाही. कोडमध्ये शून्य आणि ओ, एक आणि आय अशा फसव्या जोड्या ठेवत नाही. टाइप समान रुंदीचा घेतो, म्हणजे प्रत्येक कोड तेवढीच जागा व्यापतो.

ग्राहक बक्षिसाचं नावच हवं म्हणून अडून बसला तर प्रत्येक मजकूर एकाच मापाच्या चौकटीत, एकाच उंचीत आणि शक्य तितक्या सारख्या अक्षरसंख्येत बसवतो.

बाहेर दिसणारा अनुक्रमांक आणि आतला कोड यांचं नातं कशावरूनही लागता कामा नये. टोरोंटोच्या मोहन श्रीवास्तव या संख्याशास्त्रज्ञाचं उदाहरण या धंद्यातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. २००३ मध्ये ओंटारियोच्या टिक-टॅक-टो तिकिटांवर त्यांनी काहीही न खरवडता जिंकणारी तिकिटं ओळखून दाखवली. समोर उघड छापलेल्या चौकोनांत जे आकडे तिकिटावर एकदाच आले होते ते त्यांनी खुणावले. असे तीन आकडे एका रेषेत आले की तिकीट बहुतेक वेळा जिंकणारं निघायचं. त्यांनी ते लॉटरीवाल्यांना कळवलं आणि खेळ मागे घेतला गेला. त्या तिकिटाच्या लेटेक्समध्ये, म्हणजे खरवडायच्या थरात, काहीच दोष नव्हता, दोष आकडे पाडणाऱ्या पद्धतीत होता. आपल्या कूपनाला एवढं गणित नसतं, पण चूक त्याच जातीची होते: बक्षिसांचे कोड फाइलच्या सुरुवातीला राहतात, किंवा दर पाचशेव्या ओळीला एक असे मोजून पेरले जातात. म्हणून ग्राहकाकडून फाइल घेताना यादृच्छिक क्रमाने मिसळूनच मागतो आणि अनुक्रमांक त्या मिसळलेल्या फाइलवर चढवतो.

शीटवरच्या मांडणीचाही विचार इथेच होतो. कटिंगनंतर एका जागेच्या सगळ्या कूपनांचा एक गठ्ठा होतो. फाइल शीटवर डावीकडून उजवीकडे ओतली, तर प्रत्येक गठ्ठ्यात क्रमांक २४ च्या उड्या मारतात आणि नंतर जुळवणी करत बसावं लागतं. मी कापल्यावर गठ्ठेच क्रमाने लागतील अशी ओततो: पहिल्या जागेवर १ ते ४१७, दुसऱ्यावर ४१८ पासून पुढे. शेवटच्या जागेवर आठ कूपनं जास्तीची येतात, ती कोऱ्या कोडची ठेवून कटिंगला नष्ट करायची.

कार्ड ३०० जीएसएमचं आर्ट कार्ड. जाड आहे म्हणून उजेड पार जात नाही असं समजू नका. मोबाइलचा टॉर्च पाठीमागे टेकवला की काळा कोड समोरच्या सिल्व्हरमधून नाही, तर पाठीमागच्या बाजूने उलटा दिसतो, कारण मागच्या बाजूला फक्त पांढरं कार्ड आहे आणि सिल्व्हरचा थर तिकडच्या डोळ्याला आरशासारखा उजेड परत पाठवतो. उपाय दोन. पाठीमागे पट्ट्याच्या बरोबर मागे गडद रंगाचा भरीव ठसा, किंवा उलटसुलट आकड्यांची दाट जाळी. मी दोन्ही एकत्र करतो: मागच्या डिझाइनमध्येच काळा आणि निळा मिळून भरीव पट्टा आणि त्यात आकड्यांची गुंतागुंत. आरपार उजेडात कोणता आकडा पुढचा आणि कोणता मागचा हे कळेनासं होतं. मोठ्या लॉटरीच्या तिकिटात कोडच्या खाली काळा अपारदर्शक थर, त्यावर पांढरा, मग इंकजेटने आकडा, मग सुटा होणारा पारदर्शक थर आणि वर पुन्हा अपारदर्शक थर अशी रचना असते. मॅसॅच्युसेट्सने १९७४ मध्ये पहिलं इन्स्टंट तिकीट आणलं तेव्हापासून या थरांवर काम चालूच आहे. आपल्याकडे एका कूपनामागे तेवढा खर्च निघत नाही, पण तत्त्व तेच ठेवता येतं.

कोड डिजिटल लेझरवर छापतो आणि इथे टोनरचा उंचवटा ही खरी डोकेदुखी. टोनर कागदात मुरत नाही, वर बसतो. कूपन डोळ्याच्या पातळीला आडवं धरून खिडकीकडे तिरकं केलं की चंदेरी पट्ट्यावर अक्षरांच्या कडा उठून दिसतात. म्हणून कोड पूर्ण काळा न ठेवता गडद राखाडी ठेवतो आणि त्याच्याखाली संपूर्ण चौकटीभर फिकट आकड्यांची जाळी छापतो. उंचवटा मग सगळीकडेच येतो. बक्षिसाची आणि बिनबक्षिसाची कूपनं एकाच मशीनवर, एकाच रनमध्ये निघाली पाहिजेत. बक्षिसाची 'तेवढी दहा' नंतर वेगळी छापून घुसवली तर काळ्याच्या छटेत फरक पडतो आणि सरावलेल्या डोळ्याला तो दिसतो.

त्यावर ग्लॉस लॅमिनेशन किंवा पूर्ण यूव्ही, म्हणजे यूव्ही उजेडाने सुकणारं वार्निश. स्क्रॅच शाई कोऱ्या कागदावर मारली तर मुरते आणि खरवडताना कागदाचे तंतू उचलते, कोडसकट. मॅटवर ती खाचांत अडकून राखाडी डाग ठेवते. लॅमिनेशनच्या कामात टोनर दाबला जाऊन उंचवटाही कमी होतो, म्हणून लेझरच्या कामाला मी तेच पसंत करतो. यूव्ही घेतला तर तो पूर्ण सुकलेला हवा, आणि त्यात सिलिकॉन जास्त असेल तर सिल्व्हर फाटून गोल गोल डोळे पडतात. एका शीटवर आधी मारून बघावं, मगच रन धरावा.

आता सिल्व्हर. स्क्रीनची जाळी पॉलिस्टरची, सेंटिमीटरला ४३ ते ६१ धागे, म्हणजे इंचाला साधारण ११० ते १५५. यापेक्षा बारीक जाळीतून थर पातळ येतो आणि दोनाचे तीन हात (थर) मारावे लागतात; जाड जाळीतून थर लठ्ठ होतो, सुकायला वेळ घेतो आणि खरवडताना रबरासारखे गोळे पडतात. स्क्वीजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, मध्यम कडकपणाची, ६५ ते ७५ शोअर (कडकपणाचं माप), धार ताजी. जाळी आणि शीट यांत २ ते ३ मिमी अंतर. पट्ट्याचं माप कोडच्या चौकटीपेक्षा चारही बाजूंनी ३ मिमी मोठं ठेवतो, कारण डिजिटल शीटवर छपाई मिलिमीटरभर सरकतेच. रजिस्टर लावताना, म्हणजे सिल्व्हर कोडवर बरोबर जुळवताना, डिजिटलला जी कड ग्रिपरला होती तीच कड स्क्रीनच्या टेबलावर टेकवायची. दुसरी कड धरली तर कार्डाच्या कटाईतला फरकही त्यात मिसळतो.

शाईचा डबा उघडल्यावर पळी तळापर्यंत घालून ढवळावं. ॲल्युमिनियमची भुकटी जड, ती खाली बसते. वरवर ढवळलं तर पहिल्या शंभर शीटवर सिल्व्हर पातळ आणि शेवटच्या शंभरावर घट्ट येते, आणि पातळ आलेल्या शीटमधून कोड दिसतो. थिनर ५ ते १० टक्के, जास्त नाही. जास्त थिनरने शाई वाहून पट्ट्याची कड तर फाटतेच, पण तो सॉल्व्हंट खालच्या यूव्हीला मऊ करतो आणि सिल्व्हर त्याला कायमची धरून बसते. 'खरवडलं जात नाही' ही तक्रार बहुतेक इथूनच निघते.

पहिला हात, रॅकवर पूर्ण सुकवणं, मग दुसरा हात. हाताला कोरडं लागलं म्हणजे सुकलं असं नसतं. नख हलकं दाबल्यावर खूण उमटता कामा नये. दुसऱ्या हातानंतर शीट रात्रभर रॅकवरच राहतात. पावसाळी हवेत याच कामाला दीडपट वेळ धरावा. ओल्या हवेत कार्ड वाकतं आणि रजिस्टर सरकतं, म्हणून कार्डाचे रीम छपाईच्या खोलीत आदल्या दिवशीच आणून ठेवतो. सॉल्व्हंटचा वास कोंडू देऊ नये, एक्झॉस्ट चालू हवा आणि आसपास ज्योत नको.

सिल्व्हर सुकल्यावर त्यावर बारीक जाळीतून एका रंगात नाजूक रेघांची नक्षी मारतो. हा खर्च ग्राहक सगळ्यात आधी कापायला बघतो, आणि मी सगळ्यात शेवटी कापू देतो. साध्या सिल्व्हरला सुईने टोचून आकड्याचा एक कोपरा बघता येतो आणि चंदेरी पेनाने भोक बुजवताही येतं. रेघांची नक्षी तुटली की ती हाताने पुन्हा जुळवता येत नाही. वर उरलेला उंचवटाही नक्षीत हरवतो.

तपासणी प्रत्येक गठ्ठ्यातून करतो. काळोख्या खोलीत टॉर्च पुढून आणि मागून. तिरक्या उजेडात कडा. रुपयाच्या नाण्याने सात-आठ फटक्यांत पट्टा साफ निघाला पाहिजे, कोड जागेवर राहिला पाहिजे आणि खालचं लॅमिनेशन ओरखडता कामा नये. कापसाला स्पिरिट लावून पट्ट्यावर दाबून बघतो. सिल्व्हर विरघळली तरी चालेल, पण ती वाळल्यावर पुन्हा पूर्ववत दिसली तर ते कूपन फसवता येतं. वरची नक्षी अशा वेळी पसरली पाहिजे, म्हणून तिची शाई निवडताना ती स्पिरिटमध्ये फुटणारी आहे हे बघून घेतो. शेवटी पन्नास शीटची चळत वजनाखाली रात्रभर. सकाळी शीट एकमेकांना चिकटली असतील तर माल बाहेर जात नाही, कारण टेम्पोतल्या उन्हात तेच होणार असतं.

कटिंगला क्लॅम्पचा दाब कमी ठेवावा आणि वरखाली कोरं कार्ड द्यावं, नाहीतर दाबाने सिल्व्हर वरच्या कूपनाच्या पाठीला लागते.

तयार स्क्रॅच स्टिकर मिळतात, शे-दोनशे कूपनांना ते सोयीचे. पण साधा स्टिकर केस वाळवायच्या मशीनने गरम करून अख्खा उचलता येतो आणि परत चिकटवता येतो. स्टिकरच घ्यायचा तर आतून चिरा दिलेला घ्यावा, तो उचलताना फाटतो. फरसाण किंवा मिठाईच्या पाकिटात कूपन टाकायचं असेल तर ते वेगळ्या बंद पाउचमध्येच गेलं पाहिजे. ही शाई खाण्याला लागू नये.

खराब झालेल्या प्रत्येक शीटवरचे २४ कोड वहीत उतरवून शीट त्याच दिवशी श्रेडरमध्ये घालतो. ते कोड त्याच मशीनवर, त्याच कार्डाच्या लॉटमधून पुन्हा छापून आपापल्या जागी लावायचे. जागेवर लावले नाहीत तर बक्षिसाचा एखादा कोड बाजारात जातच नाही आणि दुकानदार ग्राहकांपुढे खोटा पडतो. माल देताना छापलेली, नष्ट केलेली आणि दिलेली संख्या चलनावर लिहून दोन्ही बाजूंची सही घेतो. चाचणीची न खरवडलेली एक शीट योजना संपेपर्यंत कपाटात राहते. तिच्यावरचं एकेक कूपन अधूनमधून खरवडून बघतो, कारण काही शाया महिन्याभराने कडक होतात आणि ती तक्रार दुकानातून येण्याआधी आपल्याला कळलेली बरी.