पावसाळ्यात पसरलेला निळा

जुलैतला मुसळधार पाऊस, रत्नागिरीची दमट हवा आणि टेबलावर विजेवर पुसून पुन्हा लिहायचा कागद. दीड व्होल्ट दिला की आकडा निळा उमटे, पण निळा आकड्याच्या शेजारच्या पट्टीतही शिरे. टोकं उलटी जोडली तरी तो जाईना. सगळ्यांचा पहिला संशय रंगाच्या थरावर गेला.

तो थर म्हणजे पेडॉट-पीएसएस, वीज वाहणारं पॉलिमर. ऋण टोकाला जोडलेला भाग इलेक्ट्रॉन घेऊन गडद निळा होतो, धन टोकाचा फिका पडतो. थर देताना सुमारे 1.3 टक्के घन असलेल्या पाणीदार मिश्रणात आम्ही 5 टक्के इथिलीन ग्लायकॉल घालतो, त्यानं वहन वाढतं. मग फोटो पेपरवर वायर-बारनं, म्हणजे तार गुंडाळलेल्या दांडीनं, ओढायचं. ओव्हन 80 अंशांवरच ठेवायचा, कारण कागदावरचं पॉलिथिन 110 च्या आसपास वितळतं. पट्ट्या वेगळ्या करायला पात्यानं काप द्यायचा आणि वर मीठ-ग्लिसरीनचं जेल, ज्यातून आयन, म्हणजे विद्युतभारित कण, ये-जा करतात.

मल्टिमीटर आधी जेल नसलेल्या जागी लावला. रोध पूर्वीइतकाच, म्हणजे थर शाबूत. मग कागद तराजूवर ठेवला तर वजन वाढलेलं. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं. जेल फुगून काप ओलांडून शेजारच्या पट्टीवर चढलं होतं, आणि पुढे तारा जोडायच्या चांदीच्या पेस्टच्या जोडापर्यंत गेलं होतं. भिंगाखाली ऋण जोडापासून नेच्याच्या पानासारख्या काळ्या फांद्या धन जोडाकडे वाढलेल्या दिसल्या. ओल आणि सतत एकाच दिशेचा विजेचा दाब (व्होल्टेज) असला की धन टोकाची चांदी विरघळून आयन होते आणि ऋण टोकावर जमते. हा पूल जुळला की वीज तिथूनच वळते, पट्टीला पुरेसा दाब मिळत नाही, मग रंग परत कसा फिरणार?

आम्ही ग्लिसरीन 30 टक्क्यांवरून 10 वर आणलं, जेलजवळचे जोड कार्बन पेस्टचे केले, चांदी 5 मिलिमीटर दूर ठेवली आणि कडा लॅमिनेशननं बंद केल्या. त्या दमट खोलीतच आकडे स्वच्छ पुसले गेले. किनाऱ्यावर चांदी जेलच्या वाऱ्यालाही उभी करू नये, असं माझं ठाम मत आहे. ग्लिसरीन मात्र पुरतं काढू नका, कोरड्या हवेत जेल वाळतं आणि आयन अडकतात.

कोरे कागद सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की 120 अंशांवर तापवून पुन्हा वापरा.