आजोबांची सुयांची डबी म्युझियमला दिली, माझा अनुभव

आजोबांचं कपाट रिकामं करताना ग्रामोफोनच्या सुयांची पत्र्याची डबी सापडली. हिज मास्टर्स व्हॉइसची, झाकणावर भोंग्यासमोर बसलेला तो कुत्रा. ग्रामोफोन कधीच गेला, रेकॉर्डी पण बऱ्याचशा फुटल्या (७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, त्या रेकॉर्डींमध्ये लाख असायची, हातातून पडली की संपलीच), राहिली ती एवढी डबी. टाकवत नव्हती आणि घरात ठेवून तरी काय करणार, म्हणून जुन्या वस्तूंचं एक छोटं म्युझियम आहे तिथे विचारून बघू म्हटलं.

पहिल्यांदा गेले तर कुलूप. अशी म्युझियम्स एकदोन माणसं स्वतःच्या हौसेने चालवतात, त्यामुळे फोन करूनच जा. दुसऱ्यांदा मी तसंच केलं.

दोनच खोल्या, पण दीड तास कसा गेला कळलं नाही. आधी जरा अंधार वाटतो, कारण जुने फोटो, कागद, कापड यांच्यावर साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) वर उजेड पडू देत नाहीत, एकदा उडालेला रंग परत येत नाही ना. एक डायलचा फोन मात्र मुद्दाम हाताळायला ठेवलाय. मी लहान असताना शून्य फिरवून झाला की डायल बोटाने मागे ढकलायचे आणि आजोबा म्हणायचे, सोड, त्याचं त्याला येऊ दे. तिथल्या काकांनी सांगितलं की डायल परत येतानाच ठोके लाइनवर जातात, एकाला एक, नवाला नऊ आणि शून्याला दहा, म्हणून ढकलायचं नाही. इतक्या वर्षांनी कळलं मला ते.

मग डबी काढली. मी झाकण पॉलिश करून आणणार होते, वेळ मिळाला नाही, आणि काका म्हणाले बरं झालं, वरची छपाई निघून गेली असती. भिंगातून एकेक सुई बघितली त्यांनी. रेकॉर्डची एक बाजू जेमतेम तीनेक मिनिटांची आणि प्रत्येक बाजूला सुई नवीन लावायची असा नियम होता, वापरलेली सुई टोकाशी चपटी झालेली दिसते. आमच्या डबीत निम्म्याहून जास्त चपट्या. मग त्यांनी झाकणावरचं 'सॉफ्ट टोन' दाखवलं आणि विचारलं, आजोबा रात्री ऐकायचे का हो? त्या ग्रामोफोनला आवाज कमीजास्त करायचं बटण नसायचं, सुई बारीक लावली की आवाज हळू, जाड लावली की मोठा. मला उत्तरच देता आलं नाही.

फॉर्मवर पण तेच अडलं. वस्तू कोणी वापरली, कधी, कुठे, तुमच्याकडे कशी आली. मी दोन ओळी लिहिल्या आणि थांबले. बाकी अटी सरळ होत्या, घरातल्या बाकीच्यांची संमती हवी, दिली की मालकी म्युझियमची आणि ती कायम मांडलेली असेलच असं नाही. काकांनी तात्पुरती पावती दिली आणि म्हणाले, घाई नको, घरी कोणाला तरी विचारून या.

रात्री आत्याला फोन लावला, रेकॉर्डिंग चालू ठेवून. ती म्हणाली, "अगं, आई आजारी होती ना, पलीकडच्या खोलीत झोपलेली असायची. बाबांना गाणं ऐकल्याशिवाय चैन पडायचं नाही, मग त्या बारीक सुया लावायचे. डबी खुळखुळली की आम्हाला कळायचं आता रेकॉर्ड लागणार." कधीची गोष्ट ते तिला सांगता येईना, मग मी विचारलं तू कितवीत होतीस, तर सातवीत, हे पटकन आठवलं. त्यावरून वर्ष काढलं आणि काकांनी पुढे 'अंदाजे' असं लिहून घेतलं. तुम्ही काही देणार असाल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी हे बोलणं आधी करा, प्लीज, नुसती डबी तर कुठल्याही जुन्या बाजारात मिळेल.

नंतर डबीला नंबर मिळाला, वर्ष, मग त्या वर्षातली कितवी देणगी, मग वस्तू. तो डबीवर न लिहिता दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर लिहितात.

तीन महिन्यांनी आत्याला घेऊन गेले. डबी ड्रॉवरमध्ये होती, काकांनी तिला हातमोजे दिले आणि डबी हातात ठेवली. तिने उघडली नाही. कानाशी नेऊन हळूच हलवली, परत हलवली आणि म्हणाली, "हाच. हाच आवाज." काकांनी आमची फाइल काढली आणि त्या खुळखुळण्याबद्दल तिला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.