गणिताच्या सवलतीचा रकाना

भांडुपमधील ज्या अनुदानित मराठी शाळेत मी विशेष शिक्षिका म्हणून काम करते, तिथे महिन्यातून एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, साहाय्य गटाची बैठक होते. मुख्याध्यापिका, समुपदेशक, मुलाचे वर्गशिक्षक, ज्या विषयात मूल अडते त्या विषयाचे शिक्षक आणि मी अशी माणसे एकत्र बसतात. पालकांना अर्ध्या तासाने आत बोलावले जाते, कारण पहिल्या अर्ध्या तासात जे बोलले जाते ते त्यांच्यासमोर बोलण्याजोगे नसते. (ते मुळातच बोलण्याजोगे नसते असे माझे मत आहे आणि ते मी बैठकीतही मांडलेले आहे.) बहुतेक प्रकरणे साधी असतात. कोणाला चष्म्यासाठी पाठवायचे असते, कोणाला पुढच्या बाकावर आणायचे असते, कोणाची आई गावी गेल्यामुळे शाळा बुडत असते आणि तिथे शेजारच्या काकूंशी बोलून काम भागते. गेल्या वर्षीच्या जुलैमधील बैठक मात्र लांबली, आणि ती लांबली हे बरे झाले.

त्या दिवशी विषय होता नववीतल्या एका मुलाचा. फळ्यावरचे तो सुबक अक्षरात उतरवून घेई, त्यामुळे वह्या तपासणाऱ्यांना वर्षानुवर्षे काही खटकले नव्हते. वाचायला उभे केले की मात्र तो खोकू लागे, किंवा पुस्तक घरी राहिल्याचे सांगे. पाचवीपासूनच्या प्रगतिपुस्तकांवर 'हुशार आहे, पण आळशी' या अर्थाचे शेरे वेगवेगळ्या हस्ताक्षरांत होते. माझ्या खोलीत त्याने मला भूमितीच्या पुस्तकातील एक उतारा वाचून दाखवला तेव्हा 'वर्तुळ'चे 'वतुळ' झाले, 'प्रमेय'चे 'परमेय' झाले, 'घन' आणि 'धन' यांत त्याला फरक करता येईना, आणि रफार आला की तो थांबून पुढचा शब्द अंदाजाने ठोकून देई. मी सांगितलेला उतारा लिहिताना एका अक्षराची वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसे. तोच उतारा मी वाचून दाखवल्यावर त्याने त्याचा अर्थ इतका नेमका सांगितला की वर्गातील पहिल्या पाचांतल्या मुलानेही तसाच सांगितला असता.

मुलांमधील अक्षमतेची प्राथमिक तपासणी करणाऱ्या 'प्रशस्त' या एनसीईआरटीच्या ॲपमधील तपासणीसूची वर्गशिक्षकांनी भरली होती आणि तिच्यातूनच त्याचे नाव माझ्याकडे आले होते. अशा सूचीचे काम संशय नोंदवण्यापुरते असते. पुढचे काम रुग्णालयाचे. मुंबईत शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, नायर रुग्णालय अशा महापालिकेच्या रुग्णालयांत अध्ययन अक्षमतेचे मूल्यमापन होते. आधी डोळे आणि कान तपासतात, मग मानसशास्त्रज्ञ बुद्धिमापन करतात, मग विशेष शिक्षक वाचन, लेखन आणि गणित यांची इयत्तेनुसार चाचणी घेतात, आणि बुद्ध्यांक सरासरी असूनही ही कौशल्ये इयत्तेच्या बरीच मागे आहेत असे दिसले तरच प्रमाणपत्र मिळते. हे सारे एका फेरीत होत नाही. मुलाची आई मुलुंडला घरोघरी पोळ्या करायला जाते आणि वडील पवईच्या एका सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन आहेत. प्रत्येक फेरीला आईचा खाडा आणि वडिलांची झोप जात होती, तरी त्यांनी एकही तारीख चुकवली नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, हे मी त्यांना समजावून सांगितले होते. पण 'दिव्यांग' हा शब्द मुलाच्या नावापुढे लागणार म्हटल्यावर आईचा चेहरा कसा झाला होता ते मी पाहिले होते, त्यामुळे कायद्याचा आधार तिला कितपत वाटला असेल याबद्दल मला शंका आहे.

तर प्रमाणपत्र हाती आले होते आणि त्या शनिवारी टेबलावर सवलतींचा प्रस्ताव होता. दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती देण्याची पद्धत महाराष्ट्रात १९९६ पासून आहे. जादा वेळ, मूल सांगेल ते लिहिणारा लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेतून सूट आणि त्याऐवजी कार्यानुभवासारखा विषय, आणि बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित व त्याच्या जोडीला आणखी एक व्यवसाय विषय. नववीतच निर्णय घेतला तर मुलाला दोन वर्षे त्या दिशेने तयारी करता येते, म्हणून आम्ही तो दहावीपर्यंत लांबवत नाही.

वर्गशिक्षक म्हणाले, "बाई, सगळ्या सवलतींवर खूण करा. आहेत तर घ्यायच्या. पोरगं सुटेल."

मुख्याध्यापिकांचेही तेच मत होते. शाळेच्या निकालाची टक्केवारी त्यांच्या डोक्यात असणार हे उघड आहे, आणि तुकड्या टिकवण्यासाठी झगडणाऱ्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापिकेने निकालाचा विचार करू नये असे म्हणणे सोपे असले तरी न्यायाचे नाही. शिवाय मुलाचे गणिताचे गुण खरोखर वाईट होते. पहिल्या चाचणीत बीजगणितात वीसपैकी तीन.

बोलले ते गणिताचे सर, जे एरवी बैठकीत घड्याळाकडे पाहत बसतात. "तीन गुण खरे आहेत," ते म्हणाले, "पण ते त्याच्या गणिताचे आहेत असं मला वाटत नाही. तोंडी विचारलं की सांगतो." आणि कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी शिपाई मामांना सांगून मुलाला वर बोलावून घेतले. तो खाली पटांगणात आईवडिलांसोबत थांबलेला होता.

सरांनी एका कोऱ्या कागदावर एक शाब्दिक उदाहरण लिहून त्याच्यापुढे ठेवले. तीन वह्या आणि दोन पेनांची किंमत १०० रुपये, दोन वह्या आणि तीन पेनांची किंमत ९० रुपये, तर एका वहीची आणि एका पेनची किंमत काढा. मुलाने कागद हातात घेतला, ओठ हलवले, 'किंमत'पाशी अडखळला, आणि "सर, येत नाही" म्हणून कागद खाली ठेवला. मग सरांनी तेच उदाहरण सावकाश वाचून दाखवले. मुलाने पेन उचललेच नाही. छताकडे पाहत तो म्हणाला, "एक वही काढून एक पेन टाकला तर दहा रुपये कमी झाले. म्हणजे वही पेनपेक्षा दहानं महाग." थोडे थांबून, "सगळं मिळून पाच वह्या, पाच पेन, एकशे नव्वद. एक जोडी अडतीसला. वही चोवीस, पेन चौदा."

दोन चलांतील रेषीय समीकरणे हा नववीच्या बीजगणितातील धडा आहे. समीकरणांची बेरीज आणि वजाबाकी करून सोडवण्याची जी रीत पुस्तकात क्ष आणि य घेऊन दिलेली आहे, तीच त्याने वह्या आणि पेन घेऊन केली होती. सरांनी विचारले, "मग पेपरात का नाही लिहिलंस?" त्यावर तो म्हणाला, "पेपरात काय विचारलंय तेच कळत नाही."

एवढ्यावर निर्णय व्हायला हरकत नव्हती, पण वर्गशिक्षकांचा मुद्दा कायम होता आणि त्यात तथ्य होते: बोर्डाच्या परीक्षेत सर शेजारी बसून उदाहरण वाचून दाखवणार नाहीत, सातवीचे अंकगणित घेतले तर उत्तीर्ण होण्याची खात्री आहे, मग धोका कशाला? ज्यांना गणनातच अडथळा आहे, ज्यांना सत्तावीस आणि बहात्तर यांतील फरक डोळ्यांपुढे उभा करता येत नाही, अशा मुलांसाठी ही सवलत म्हणजे शाळेत टिकून राहण्याचा एकमेव मार्ग असतो आणि तिच्या विरोधात मी कधीच बोलणार नाही. (२०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'पंचवीस'च्या जोडीला 'वीस पाच' असे वाचन आले तेव्हा विधानसभेपर्यंत त्याची थट्टा झाली. माझ्यासमोर बसणाऱ्या मुलांपैकी काहींना त्या वाचनाने पहिल्यांदा संख्या कळली होती, एवढेच इथे नोंदवते.) या मुलाचा अडथळा वाचनाचा होता, तेव्हा मदतही वाचनालाच मिळायला हवी, असे मी म्हटले. पण 'खात्री' या शब्दापुढे असे युक्तिवाद फिके पडतात, हे मला बोलता बोलताच जाणवत होते.

त्यानंतर पालक आत आले. वडील दाराशीच उभे राहिले, त्यांना खुर्चीवर बसवायला दोनदा सांगावे लागले. मुख्याध्यापिकांनी विचारले, "पुढे याला काय करायचं आहे?" उत्तर आईने दिले. मुलाचा मामा वायरमन आहे, रविवारी मुलगा त्याच्याबरोबर पंखे, ट्यूब, बोर्ड बसवायला जातो, आणि त्याला मुलुंडच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन व्हायचे आहे. "मामा म्हणतो, लायसन पाहिजे, नुसतं काम येऊन चालत नाही."

आमचे क्लार्क तेव्हा प्रस्तावाच्या नमुन्यावर शिक्के मारण्यासाठी येऊन कोपऱ्यात उभे होते. ते साहाय्य गटात नाहीत. त्यांना बोलावले जाते ते कागद वाशीच्या विभागीय मंडळात न्यायचे असतात म्हणून. त्यांनी मध्येच म्हटले, "मॅडम, इलेक्ट्रिशियनला दहावीत गणित आणि विज्ञान लागतं. माझ्या पुतण्याचा फॉर्म मीच भरला होता. सातवीचं अंकगणित घेऊन गेला तर तिथल्या खिडकीवर काय सांगणार?"

खोलीत ज्यांना मुलाच्या भल्याची काळजी होती त्या सर्वांनी सवलतीचा विचार दहावी पार करण्यापुरता केला होता. पुढच्या काही अभ्यासक्रमांना गणित लागते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. पण ज्या मुलाला वाचता येत नाही तो दहावीनंतर कुठे तरी जाणार आहे, हे कोणी गृहीतच धरले नव्हते. मुख्याध्यापिकांनी हातातील पेन खाली ठेवले आणि मुलालाच विचारले, "तू सांग. गणित सोपं घ्यायचं की हेच?"

तो म्हणाला, "हेच. पण वाचून दाखवायला कोणी तरी द्या."

गणिताच्या सवलतीचा रकाना त्या दिवशी रिकामा ठेवला. लेखनिक आणि जादा वेळ यांवर खुणा झाल्या. भाषेच्या सवलतीवर मात्र एकमत झाले नाही. इंग्रजीतून सूट घ्यावी, कारण तिथे लिपीही वेगळी आणि स्पेलिंगचाही नेम नाही, असे मला वाटत होते. वडील तेवढ्याच एका मुद्द्यावर बोलले. "इंग्रजी नसेल तर बाई, पोराला वॉचमन म्हणूनपण कोणी घेत नाही हल्ली. गेटवर ॲपमध्ये नावं टाकावी लागतात." त्यावर मला उत्तर नव्हते. तो निर्णय दिवाळीनंतरच्या बैठकीवर ढकलला.

लेखनिक मिळाला म्हणजे काम झाले, असा समज शाळांमध्ये सर्रास आहे. लेखनिक खालच्या इयत्तेचा असतो, त्याला विषय येणे अपेक्षित नसते, आणि सांगणाऱ्याला सांगता येणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. आठवीतील एका मुलीला आम्ही सरावासाठी या मुलाबरोबर बसवले. पहिल्याच दिवशी भूमितीत अडचण आली. त्याने आकृती स्वतः छान काढली आणि सिद्धता सांगताना बोट ठेवून म्हणाला, "ही बाजू आणि ही बाजू सारखी, म्हणून हे दोन त्रिकोण सारखे." मुलीने पेन उचलून विचारले, "दादा, 'ही' म्हणजे काय लिहू?" तिचा प्रश्न अगदी रास्त होता. गणिताच्या सरांनी मग आठवड्यातील दोन मधल्या सुट्ट्या याच कामाला दिल्या. आकृतीवर बोट ठेवायचे नाही, हात मांडीवर, आणि प्रत्येक गोष्ट नावाने सांगायची: बाजू एबी एकरूप बाजू पीक्यू, पक्ष, कोन बी एकरूप कोन क्यू, पक्ष. डोक्यात चित्र पक्के असले तरी ते शब्दांत उतरवताना तो घामाघूम होई. त्या मुलीचीही भूमिती सुधारली, ही अनपेक्षित भर.

वाचनाचे काम माझ्याकडे राहिले. रफार, रकार आणि वेलांट्या यांचे तक्ते, मोठ्या टंकातील छोटी वाक्ये, आणि उदाहरण वाचताना आधी संख्यांभोवती गोल करून मग शेवटचे वाक्य वाचण्याची सवय. नववीच्या मुलाला बालवाडीसारखे वाटू नये म्हणून वाक्ये मी विजेच्या सामानाच्या खोक्यांवरून घेतली. 'तीव्र विद्युतप्रवाह', 'उर्वरित तार', 'आर्द्रतेपासून दूर ठेवा' हे शब्द तो क्रमिक पुस्तकातल्या शब्दांपेक्षा लवकर वाचू लागला. यावर वर्गशिक्षकांनी मला विचारले की मराठीच्या पेपरात खोक्यावरचा मजकूर येणार आहे का. येणार नाही, हे खरेच.

सहामाहीत त्याला लेखनिकासह बीजगणितात चाळीसपैकी एकोणीस आणि भूमितीत चोवीस गुण मिळाले. इतिहासात तो नापासच झाला, कारण लांब उत्तर सांगताना त्याचा क्रम सुटतो आणि त्यावर अजून आमच्याकडे चांगला उपाय नाही. दिवाळीनंतरच्या बैठकीला वडील रात्रपाळी संपवून थेट आले. इंग्रजीवर पुन्हा चर्चा झाली, आणि इंग्रजी ठेवून हिंदीतून सूट घ्यायची, इंग्रजीच्या बाईंनी शनिवारी अर्धा तास फक्त तोंडी सराव घ्यायचा, असे ठरले. मला हा निर्णय अजूनही पूर्णपणे पटलेला नाही. क्लार्कनी प्रस्ताव नीट तपासून पाकिटात घातला आणि पुढच्या बैठकीपासून साहाय्य गटात त्यांचेही नाव लिहावे, असा ठराव मुख्याध्यापिकांनी मांडला. क्लार्क म्हणाले, "लिहा, पण शनिवारी माझी सव्वा वाजताची लोकल चुकवू नका."